सोपे की सवयीचे? : 'इंडस ओएस'च्या निमित्ताने

पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर ज्यांनी गिअरची स्कूटर चालवली आहे, त्यांना पुढील अनुभव ओळखीचा वाटेल. बजाजची 'चेतक' १९७२ साली आली आणि आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणारी ही स्कूटर घरोघरी दिसू लागली. तिचा गिअर डाव्या हाताच्या मुठीत असे. क्लच दाबायचा आणि मूठच फिरवायची. मोटारसायकलचा गिअर मात्र डाव्या पायाशी असतो. त्यामुळे स्कूटर सोडून मोटारसायकल घेतलेल्या माणसाचा डावा हात पहिले काही दिवस उगाचच मूठ पिळू पाही. 'ही गाडी फार अवघड' असे तो म्हणे. दोन-तीन महिन्यांनी तोच गृहस्थ शेजाऱ्याची स्कूटर चालवायला घेई आणि म्हणे, 'ही कशी काय चालवत होतो आपण?'

दोन्ही गाड्या होत्या तशाच होत्या. बदलली होती ती त्याची सवय. मोबाइल फोनचे परीक्षण करताना आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो, असे आम्हांला वाटते. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात तयार झालेल्या एका फोन-प्रणालीचे उदाहरण घेऊ.

फोनचे यंत्र आणि आपण यांच्यामध्ये जो मूलभूत कार्यक्रम काम करतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. पडद्यावर बोट कोठे टेकले हे ओळखणे, एका वेळी चालणाऱ्या अनेक कामांत स्मृती आणि वेळ वाटून देणे, बॅटरी जपणे ही तिची कामे. ती आपल्याला दिसते मात्र चिन्हे, याद्या आणि शब्द यांच्या रूपाने. बहुतेकांच्या फोनवर अँड्रॉइड ही प्रणाली असते. ॲपलच्या फोनवर त्या कंपनीची स्वतःची असते.

मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या एका कंपनीने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी एक प्रणाली बाजारात आणली. आधी तिचे नाव 'फर्स्टटच' होते, पुढे ते 'इंडस ओएस' झाले. मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांवर ती आली. मराठी, गुजराती, तमिळ अशा भाषांपैकी आपली भाषा निवडायची. मग मजकुरावर बोट सरकवले, की त्याचे भाषांतर किंवा लिप्यंतर होई. ॲप उतरवून घेण्यासाठी ई-मेलचा पत्ता असण्याची अटही या प्रणालीच्या ॲप-बाजाराने काढून टाकली होती. आयुष्यात कधी ई-मेल न पाठवलेल्या माणसाला ही केवढी मोठी सोय होती, हे भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील कामगारांना फोन वापरायला शिकवणाऱ्या कोणालाही सहज पटेल.

आम्हीही असा एक फोन वापरून पाहिला. पहिल्या दिवशी तो परका वाटला. गंमत अशी, की परकेपणा आमच्याच भाषेचा होता! 'सेव्ह', 'डिलीट', 'सेंड' हे शब्द डोळ्यांना इतके सरावले होते, की 'जतन करा', 'हटवा', 'पाठवा' वाचताना क्षणभर थांबावे लागे. मायबोलीतला फोन अवघड, असा उलटा निष्कर्ष आम्ही त्याच दिवशी काढला असता. आठ-दहा दिवसांत मात्र थांबणे संपले. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना 'ते तिसरे चिन्ह दाबा' असे सांगण्याऐवजी 'पाठवा असे लिहिले आहे तिथे दाबा' असे सांगता येऊ लागले. पाठ केलेली खूण आणि वाचून समजलेला शब्द यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको. फोन आम्हांला आवडला, तो यासाठी.

आवडले म्हणून परीक्षण थांबत नाही. लिप्यंतर आणि भाषांतर या भिन्न क्रिया आहेत. इंग्रजी संदेशाचे लिप्यंतर केले तर 'युवर बिल इज ड्यू' एवढेच हाती येते. अक्षरे देवनागरी झाली तरी अर्थ कळत नाही. मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहून तो देवनागरीत आणतानाही माहिती हरवते. 'पी-ए-एल-आय' ही चार अक्षरे पाहा. ती पाली आहे, पाळी आहे की पळी? रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ' यांना, 'न' आणि 'ण' यांना सवयीने एकच अक्षर वापरले जाते; ऱ्हस्व-दीर्घही बहुधा गळतात. 'उद्या सकाळची पाळी आहे' या वाक्यात कोणता शब्द हवा हे माणसाला संदर्भाने कळते, यंत्राला तो अंदाज बांधावा लागतो. म्हणून लिप्यंतर ही नवशिक्याला हात देणारी पायरी मानावी. देवनागरी कळफलक शिकणे तिने टळू नये.

दुसरा मुद्दा असा, की इंडस ओएस ही पायापासून नवी प्रणाली नव्हती. ती अँड्रॉइडवर बांधलेली होती. यात कमीपणा नाही. उलट त्यामुळे ओळखीची ॲप तिच्यावर चालत. पण दुसऱ्याच्या जोत्यावर घर बांधले, की त्याचे आयुष्य जोत्याच्या मालकावर आणि फोन बनवणाऱ्यांवर अवलंबून राहते. पुढे कंपनीचा भर ॲप-बाजारावर गेला, २०२२ मध्ये फोनपेने ती विकत घेतली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत 'इंडस ॲपस्टोअर' सुरू झाले. नाव उरले, प्रणाली मागे पडली. मराठी मात्र आज साध्या अँड्रॉइड फोनमध्येही निवडता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोपे काय आणि सवयीचे काय, हे वेगळे कसे करायचे? थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये दाखवले, की एका कामातील कौशल्य दुसऱ्या कामात उपयोगी पडते ते दोन्हींत जेवढे घटक समान असतील तेवढेच. १९३६ मध्ये टी. पी. राइट यांनी विमानांच्या कारखान्यांविषयी लिहिले, की बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागचे श्रम सुमारे ८० टक्क्यांवर येतात. सरावाने वेळ आधी झपाट्याने आणि मग हळूहळू कमी होत जातो. म्हणून पहिल्या दिवसाचा वेळ बहुतांशी सवय मोजतो. आलेख जेथे सपाट होतो, ती उंची प्रणालीविषयी काही सांगते.

हे वर्गात करून पाहता येईल. पालकांच्या संमतीने मोठ्या विद्यार्थ्यांनी घरच्या फोनवर तीन कामे निवडावीत : नवा क्रमांक नावासह साठवणे, पहाटे साडेपाचचा गजर लावणे आणि 'उद्या सकाळची पाळी आहे' हा संदेश देवनागरीत लिहिणे. अर्ध्या मुलांनी फोनची भाषा मराठी करावी, अर्ध्यांनी होती तीच ठेवावी. रोज एकदा, चौदा दिवस, दुसऱ्याने घड्याळ धरून सेकंद मोजावेत. पंधराव्या दिवशी गटांची अदलाबदल करावी. दोन गट कशासाठी? रोज तेच काम केल्याने वेळ तसाही कमी होतो. तो परिणाम भाषेच्या नावे जमा होऊ नये म्हणून. एक सूचना : भाषा बदलण्यापूर्वी तो पर्याय कोणत्या चिन्हाखाली आहे ते वहीत काढून ठेवावे, परत येताना वाट सापडेल.

आलेख काढल्यावर मुलांना एकच विचारावे : पहिल्या दिवशीच निकाल दिला असता तर तो काय दिला असता? हा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. एखाद्या पालकाला 'फोन जमत नाही' किंवा एखाद्या मुलाला 'गणित जमत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा ते कितव्या दिवशी म्हणतो?