दोनदा सांगितलेले युद्ध : कॅनडातील आठवणी आणि चरित्रे

आपल्याकडील तौलनिक साहित्याभ्यासात कॅनडाचा विचार बहुधा कादंबरी आणि काव्य यांच्या अनुषंगाने होतो. त्या देशातील युद्धविषयक आठवणी व चरित्रे ही इतिहासाची साधने म्हणून वाचली जातात. वाङ्मयप्रकार म्हणून त्यांची चिकित्सा त्या मानाने कमी झालेली आहे. या लेखनाकडे एकत्रितपणे पाहिले असता एक वैशिष्ट्य प्रकर्षाने जाणवते. तेथे एकच युद्धानुभव काही वर्षांच्या अंतराने दोनदा सांगितला गेल्याची उदाहरणे वारंवार आढळतात. पहिले कथन समूहाच्या वतीने होते, दुसरे व्यक्तीच्या वतीने. ‘आम्ही’पासून ‘मी’पर्यंतच्या या प्रवासाचे स्वरूप तपासणे आणि त्याच्या मर्यादा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या ‘आम्ही’ला कॅनडात विशेष वजन आहे. पहिल्या महायुद्धात या देशाने सुमारे ६१,००० माणसे गमावली. एप्रिल १९१७ मधील व्हिमीच्या लढाईत ३,५९८ कॅनेडियन सैनिक मारले गेले आणि पुढे त्या लढाईलाच राष्ट्रजन्माचा क्षण मानण्याची प्रथा पडली. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगानंतर ‘शांतिरक्षक राष्ट्र’ ही दुसरी प्रतिमा तिला येऊन मिळाली. लढलेला किंवा लढाई थांबवायला गेलेला कॅनेडियन माणूस स्वतःविषयी लिहू लागतो, तेव्हा त्याला या दोन प्रतिमांशी व्यवहार करावाच लागतो.

नोव्हा स्कोशियाचे विल आर. बर्ड यांचे ‘अँड वी गो ऑन’ हे पुस्तक १९३० साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातच ‘आम्ही’ आहे. त्या काळच्या युद्धकादंबऱ्यांनी साध्या सैनिकाचे जे पाशवी चित्र रंगविले होते, त्याला उत्तर देण्याची आणि आपल्या सोबत्यांची बाजू मांडण्याची प्रेरणा या लेखनामागे होती. १९६८ साली बर्ड यांनी तोच अनुभव, बराच मजकूर गाळून, ‘घोस्ट्स हॅव वॉर्म हँड्स’ या नावाने पुन्हा मांडला. हे नवे शीर्षक मूळ पुस्तकातील एका प्रसंगावरून घेतलेले आहे. १९१५ साली मारला गेलेला भाऊ १९१७ मध्ये व्हिमीच्या परिसरात रात्री आपल्याला हाताने उठवून बाहेर घेऊन गेला आणि त्यामुळे तोफगोळ्यातून आपण वाचलो, असे बर्ड सांगतात. समूहाच्या बचावासाठी लिहिलेले पुस्तक अशा रीतीने एका माणसाच्या अनिर्वचनीय अनुभवाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तथापि दुसरी संहिता संक्षिप्त आहे. पहिलीतील चिंतनाचा विस्तार तिच्यात नाही. २०१४ साली मूळ संहिता पुन्हा प्रकाशित झाली, ती याच उणिवेची दखल म्हणावी लागेल. दुसरे कथन पहिल्यापेक्षा अधिक खरे असते, असे गृहीत धरणे यासाठीच धोक्याचे आहे.

फार्ले मोवॅट यांचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरलेल्या हेस्टिंग्ज अँड प्रिन्स एडवर्ड रेजिमेंटमध्ये ते तरुण अधिकारी होते. १९५५ साली त्यांनी ‘द रेजिमेंट’ हा त्या पलटणीचा इतिहास लिहिला. तेथे नायक पलटण आहे. लेखक तिच्यात विरघळून गेलेला आहे. कथन १९३९ मधील उभारणीपासून १९४५ मधील विजयापर्यंत जाते आणि प्रत्येक मृत्यूला त्या वाटचालीत स्थान मिळते. ‘अँड नो बर्ड्स सँग’ हे आठवणींचे पुस्तक आले १९७९ साली, म्हणजे घटनेनंतर छत्तीस वर्षांनी. तोच प्रदेश, त्याच लढाया. पण कथनाचा शेवट मात्र बदललेला. हे पुस्तक डिसेंबर १९४३ मध्ये, ऑर्टोनाच्या आसपास थांबते. युद्ध संपायला त्यावेळी दीड वर्ष बाकी होते आणि लेखक पुढेही सैन्यातच होता. असे असूनही कथन तेथे थांबते, कारण निवेदकाचे धैर्य तेथे संपलेले आहे. पुस्तकाचा खरा विषय भीती हा आहे. भरतीच्या वेळचा उल्हास आणि छावणीतील थट्टामस्करी यांनी सुरू झालेले निवेदन मित्र एकेक करून गेल्यावर जवळजवळ मूक होत जाते. पलटणीच्या इतिहासात भीतीला प्रकरण देता येत नाही. ते देण्यासाठी मोवॅट यांना वाङ्मयप्रकार बदलावा लागला.

मोवॅट यांच्या उत्तरेविषयीच्या पुस्तकांतील तथ्यांबद्दल १९९६ साली जाहीर वाद झाला होता, हे येथे विसरता येत नाही. युद्धाच्या आठवणींतील संवादही शब्दशः प्रमाण मानण्याचे कारण नाही. परंतु १९९२ साली त्यांनी ‘माय फादर्स सन’ या पुस्तकात स्वतःचा आणि आईवडिलांचा युद्धकालीन पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. ‘युद्ध आणि शांततेच्या आठवणी’ असे त्याचे उपशीर्षक आहे. वडीलही पहिल्या महायुद्धातील सैनिक. त्यामुळे न सांगता समजणारे बरेच काही या पत्रांत आहे. इतिहास, आठवणी आणि पत्रे अशा तीन साक्षी एकाच माणसाने दिल्या असताना त्यांतील कोणतीही एक अंतिम मानण्याऐवजी त्यांच्यातील अंतर वाचणे अधिक फलदायी ठरते.

हीच रचना शांतिरक्षणाच्या काळातही टिकून राहिली. रोमिओ दालेर हे १९९३-९४ मध्ये रुवांडातील संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे प्रमुख होते. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसांची कत्तल झाली आणि त्यांच्या हाती ती रोखण्याइतके सैन्य किंवा अधिकार नव्हते. ‘शेक हँड्स विथ द डेव्हिल’ (२००३) हे पुस्तक आठवणींच्या रूपात असले तरी त्याची घडण अहवालाची आहे. तारखा, बैठका, संदेश, नकार यांची तपशीलवार नोंद करून लेखक जगापुढे जाब मांडतो. त्यात स्वतःलाही वगळत नाही. ‘वेटिंग फॉर फर्स्ट लाइट’ (२०१६) या दुसऱ्या पुस्तकात मात्र रुवांडातून परतलेला माणूस, त्याची निद्राहीनता आणि आत्महत्येचे प्रयत्न हा विषय होतो. पहिल्या पुस्तकाने ‘शांतिरक्षक राष्ट्र’ या प्रतिमेला तडा दिला. दुसऱ्याने शांततेचा काळ हाच त्या माणसाच्या युद्धाचा काळ कसा झाला, हे दाखविले.

ती प्रतिमा ज्यांच्या नावाशी जोडली गेली, त्या लेस्टर पिअर्सन यांना मात्र आपले आयुष्य दुसऱ्यांदा सांगता आले नाही. १९५७ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळविणाऱ्या पिअर्सन यांच्या ‘माइक’ या आत्मकथनाचा पहिला खंड १९७२ मध्ये आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले. उरलेले दोन खंड संपादकांनी सिद्ध केले. लंडनमध्ये बसच्या धडकेने आपली सैनिकी कारकीर्द संपली, ही कथा मिस्कीलपणे सांगितली जात आली. जॉन इंग्लिश यांच्या चरित्राने (१९८९, १९९२) त्या काळातील मानसिक खचणेही नोंदींच्या आधारे पुढे आणले. आत्मकथनाने झाकलेला ‘मी’ येथे चरित्रकाराने उघडा केला. दुसऱ्या कथनाचे काम अशा वेळी चरित्राकडे येते.

परंतु चरित्रकाराचा काळही निरपेक्ष नसतो. डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ साली चीनमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन वारले. टेड अ‍ॅलन व सिडनी गॉर्डन यांच्या १९५२ च्या चरित्रात ते लढाऊ वीरपुरुष आहेत. कॅनडाने चीनला १९७० मध्ये मान्यता दिली, १९७२ मध्ये बेथ्यून यांना राष्ट्रीय महत्त्वाची व्यक्ती ठरविले आणि १९७३ मध्ये रॉडरिक स्ट्युअर्ट यांचे चरित्र आले. २०११ मध्ये रॉडरिक व शॅरन स्ट्युअर्ट यांच्या ‘फीनिक्स’ने त्यांच्यातील दोषांसह माणूस मांडला. मराठी अभ्यासकाला येथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सोलापूरचे कोटणीस बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख होते आणि १९४२ साली चीनमध्येच निवर्तले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक १९४४ मध्ये आणि व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ मध्ये आला. मृत्यू आणि कथन यांत येथे अवघी दोन-चार वर्षे आहेत. ही कथने स्वातंत्र्योन्मुख ‘आम्ही’ची आहेत. कोटणीसांवरील पुढचे लेखन बेथ्यून-चरित्रांच्या या क्रमाशेजारी ठेवून वाचणे हा तौलनिक अभ्यासाचा उपयुक्त विषय ठरेल.

वरील सर्व उदाहरणांना छेद देणारी एक संहिता विचारात घेतल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होत नाही. म्युरिएल किटागावा या जपानी वंशाच्या, परंतु कॅनडातच जन्मलेल्या स्त्रीने १९४१-४२ मध्ये व्हँकुव्हरहून टोरांटोतील भावाला पत्रे लिहिली. पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे २२,००० जपानी कॅनेडियनांना त्या काळात घरांतून हलविण्यात आले. पत्रांत संताप आहे, अफवा आहेत, घरातील मुलांची काळजी आहे. येथे प्रारंभापासूनच ‘मी’ आहे, कारण राष्ट्राच्या ‘आम्ही’तून ही माणसे वगळली गेली होती. लेखिका १९७४ साली वारल्या. रॉय मिकी यांनी ही पत्रे ‘धिस इज माय ओन’ या नावाने १९८५ मध्ये संपादित केली आणि खाजगी पत्रे समाजाची साक्ष झाली. १९८८ मध्ये सरकारने क्षमायाचना व भरपाई जाहीर केली. हा प्रवास ‘मी’कडून ‘आम्ही’कडे आहे.

यावरून आपल्या सूत्रात दुरुस्ती करावी लागते. ज्यांना राष्ट्राने आधीच आपल्यात घेतले, त्यांना ‘मी’ म्हणण्यासाठी वर्षे लागली. ज्यांना नाकारले, त्यांना ‘आम्ही’ म्हणण्यासाठी. कॅनडातील जीवनलेखनात युद्ध आणि शांतता यांची सीमा तहाच्या तारखेवर आढळत नाही; ती दोन कथनांमधील वर्षांत शोधावी लागते. एखादी संहिता कोणत्या साली लिहिली गेली आणि तिच्या आधीची संहिता कोणती, हे प्रश्न अशा लेखनाच्या समीक्षेत आशयाइतकेच मूलभूत मानले पाहिजेत.