प्रमाण जेव्हा गायले जाते

न्यायशास्त्रात प्रमाणे चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वारकरी कीर्तनात ‘प्रमाण’ हा शब्द वेगळ्याच रीतीने नांदतो. निरूपणाच्या ओघात कीर्तनकार ज्ञानेश्वरीतली ओवी किंवा गाथेतला चरण उचलतो, आणि मागे उभे असलेले टाळकरी तो चालीवर पुरा करतात. याला प्रमाण देणे म्हणतात. ग्रंथाचा आधार इथे चक्क गायला जातो. आमच्या उरण-द्रोणागिरीच्या पट्ट्यात सिडकोचे सेक्टर उभे राहिले, तरी जुन्या गावांतल्या हरिनाम सप्ताहांत हे आजही ऐकायला मिळते.

हे घडू शकले ते ओवीमुळे. शंकराचार्यांचे गीताभाष्य गद्यात आहे; ते टाळावर चढणे कठीण. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या रचल्या. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे, सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. मुसळाच्या ठेक्यावरचा छंद भाष्यासाठी निवडणे, हा मला ज्ञानेश्वरीतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ज्ञानेश्वर स्वतःच सांगतात, की ही ओवी गाण्याने शोभते आणि गाण्यावाचूनही रंग दाखवते. आपल्या समीक्षेने या विधानाचा उत्तरार्ध तेवढा घेतला. अलंकार मोजले, रूपके मोजली. चाल भजनी मंडळांवर सोडून दिली.

ध्वनिमुद्रिकांनी उलटे केले. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. त्यात अभंग मावला, निरूपण मावले नाही. पुढे भीमसेन जोशींच्या ‘अभंगवाणी’ने अभंगाला रागदारीचे ऐश्वर्य दिले, ते नाकारणारा मी कोण? पण त्या मैफलीत अभंग रसाचा विषय झाला, युक्तिवादाचा राहिला नाही. पसायदानाचेच पाहा. त्या नऊ ओव्या भाष्य पुरे झाल्यावर वाग्यज्ञाचे दान म्हणून मागितलेल्या आहेत. शाळेच्या प्रार्थनेत आणि समारंभाच्या शेवटी त्या सुट्या गाताना, यज्ञ कोणता हे किती जणांना ठाऊक असते?

तरीही कीर्तनाची बाजू सरसकट घेता येत नाही. पाठांतर असलेल्या टाळकऱ्यांपुढे चुकीचा चरण खपत नाही, हे खरे. पण सूर एकदा लागला की संदर्भ सोडून उचललेली ओळही पटते, आणि ‘तुका म्हणे’ जोडलेला कुणाचाही चरण तुकोबांचा म्हणून चालून जातो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो त्या काळी पाठात अशीच भेसळ शिरली होती म्हणून. गाथेचे तसे काम छापील आवृत्त्यांपुरते झाले. कीर्तनात दिल्या जाणाऱ्या प्रमाणांचे, ती कोणत्या चालीवर आणि कोणत्या संदर्भात येतात याचे, गावोगाव टिपण करायला हवे. पाठ असलेली पिढी आता सत्तरीत आहे.