‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ : आहाराची निवड आणि ब्रॉयलरचा काळ

प्रस्तावना :

मराठी साहित्यसमीक्षेने भुकेचा विचार पुष्कळ केला. ताटाचा विचार मात्र त्या मानाने कमी केला. ग्रामीण आणि दलित साहित्यातील दारिद्र्य व दुष्काळ यांवर विपुल लेखन झाले. ती भूक कोणत्या अन्नाने भागविली जात होती, ते अन्न कोठून येत होते आणि ते नाकारण्याचा अधिकार खाणाऱ्याला होता काय, हे प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिले. शाहू पाटोळे यांचा ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हा ग्रंथ ही उणीव भरून काढतो. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणारे हे पुस्तक पाककृतींचे आहे, आठवणींचे आहे आणि त्याहून अधिक युक्तिवादाचे आहे.

अलीकडे औद्योगिक पद्धतीने तयार होणाऱ्या मांसाविषयी चिंता व्यक्त होत असून ‘जाणीवपूर्वक आहार’ ही कल्पना सुशिक्षित वर्गात रुजत आहे. ही चर्चा बहुधा महानगरांत आणि पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे होते. तिचा मराठवाड्यातील गावांशी काय संबंध, हे पाटोळे यांच्या ग्रंथाच्या साहाय्याने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा संत नामदेवांच्या नर्सीचा, औंढा नागनाथाचा आणि त्याचबरोबर सोयाबीनचा जिल्हा आहे. या तिन्ही गोष्टी प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत.

शीर्षकातील विधान :

अन्नाला पूर्णब्रह्म मानण्याचा संस्कार मराठी घरांत जेवणापूर्वीच्या श्लोकातून झालेला आहे. पाटोळे त्या पदबंधात एकच अक्षर घालतात आणि संपूर्ण अर्थ उलटा करतात. ज्यांच्या ताटात तूप, दूध आणि तेलही सहसा येत नव्हते, त्यांचे अन्न पूर्ण कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. सात्त्विक, राजस आणि तामस अशी आहाराची प्रतवारी करून माणसांचीही प्रतवारी करणाऱ्या परंपरेची ते झडती घेतात. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) या पुस्तकाने मोजमापाची पाककला मराठी घराघरांत पोचविली. मात्र छापील पाकपुस्तकांच्या त्या जगात महारवाड्याच्या आणि मांगवाड्याच्या चुलीला जागा नव्हती. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ या पुस्तिकेतून हाच प्रश्न विचारला होता. पाटोळे तो मराठीतून, मराठवाड्याच्या बोलीच्या अंगाने आणि उपरोधाने विचारतात.

ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने प्रसिद्ध झाला. अनुवादामुळे ग्रंथाला मोठा वाचक मिळाला, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि शीर्षकातील मूळ कोटी तेथे राहिलेली नाही. युक्तिवादाचे नाव जाऊन प्रदेशाचे आणि स्वयंपाकघराचे नाव आले. अशा बदलामुळे वाचक पदार्थ घेतो आणि प्रश्न सोडून देतो, असा धोका संभवतो. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीचे असेच झाले. शिकागोच्या मांस कारखान्यांतील कामगारांचे शोषण दाखविण्यासाठी ती लिहिली गेली. वाचकांच्या मनात मात्र मांसातील घाण राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा कायदा झाला. कामगारांचे प्रश्न मागे पडले. अन्नाविषयीच्या लेखनात पोटाचा प्रश्न माणसाच्या प्रश्नावर मात करतो, हे या उदाहरणावरून दिसते.

माहितीचे मांस, सक्तीचे मांस :

पाटोळे यांनी नोंदविलेल्या खाद्यव्यवहाराचे एक वैशिष्ट्य म्हणजे त्यात वाया जाणारे जवळजवळ काही नाही. जनावराचे रक्त, आतडी, डोके, पाय या सर्वांना नाव आहे आणि प्रत्येकाची करण्याची रीत आहे. उरलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून त्यांच्या चान्या केल्या जात आणि त्या अडचणीच्या दिवसांसाठी ठेवल्या जात. शीतपेटीविना मांस टिकविण्याचे हे शास्त्र होते. वाटे पडत तेव्हा जनावर कोणाचे, किती वयाचे, कशाने मेले, हे खाणाऱ्याला ठाऊक असे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर अन्नाचा उगम शोधण्याची गरजच नव्हती; उगम डोळ्यांसमोर होता.

येथे एक मोह टाळला पाहिजे. या व्यवहाराला निसर्गस्नेही जीवनशैली ठरवून तिचे गुणगान करणे सोपे आहे. पण माहिती होती म्हणून निवड होती, असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था दिसते, तिच्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाशी बांधलेला हक्क समजला जाई. हक्क या शब्दाआड येथे सक्ती दडलेली आहे. जनावर कशाने मेले हे कळूनही ते खावे लागणे, यात जाणीव आहे, स्वातंत्र्य नाही. पाटोळे यांच्या उपरोधाचे मूळ याच जागी आहे. चवीची आठवण सांगताना ते लाचारीची आठवण पुसू देत नाहीत, ही या ग्रंथाची मोठी नैतिक शक्ती होय.

निवडीच्या दोन मराठी परंपरा :

जाणीवपूर्वक आहार ही कल्पना पाश्चात्त्य देशांतून आली, असा समज आहे. पीटर सिंगर यांचे ‘ॲनिमल लिबरेशन’ (१९७५) किंवा मायकेल पोलन यांचे ‘द ऑम्निव्होअर्स डिलेमा’ (२००६) यांचा त्यासाठी वारंवार हवाला दिला जातो. परंतु मराठी समाजात आहाराच्या जाणीवपूर्वक निवडीच्या किमान दोन समर्थ परंपरा आहेत.

पहिली परंपरा वारकऱ्यांची. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. आसपासच्या गावांत गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस मांसाहार सोडतो. ही निवड व्यक्तीने, स्वेच्छेने आणि गावासमोर केलेली असते. त्याच घरात, त्याच भावकीत कंदुरीचे जेवण घेणारे लोकही असतात. मुलाण्याने कापलेला बोकड, उघड्यावर शिजणारा रस्सा आणि गावाने एकत्र बसून केलेले जेवण, हेही मराठवाड्याचेच चित्र आहे. माळकरी आणि कंदुरीवाला एकमेकांना दूषण न देता नांदतात. मात्र माळेचा संयम आणि जातीचा सोवळेपणा या भिन्न गोष्टी असूनही व्यवहारात त्यांची सरमिसळ झाली, हे पाटोळे यांची टीका वाचताना ध्यानात घ्यावे लागते.

दुसरी परंपरा आंबेडकरी चळवळीची. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे झालेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याचे पाणी पिणे आणि मेलेल्या जनावराचे मांस न खाणे, हे एकाच स्वाभिमानाचे दोन भाग होते. हा निर्णय पाळणाऱ्यांना गावोगाव बहिष्कार सोसावा लागला. ज्यांच्याकडे दुसरे अन्न नव्हते त्यांनी हाती असलेले अन्न नाकारले. आधुनिक महाराष्ट्रातील आहारविषयक सर्वांत जाणीवपूर्वक सामूहिक निर्णय म्हणून याचा उल्लेख करावा लागेल. त्यात शाकाहाराचा आग्रह नव्हता. अन्न कोणत्या संबंधातून ताटात येते, याचा विचार होता.

ब्रॉयलर आणि हिंगोलीचे सोयाबीन :

या दोन्ही परंपरांना परिचित नसलेले मांस आज आठवडी बाजारात सर्वांत सहज मिळते. ब्रॉयलर हा शब्द गावात ‘बॉयलर’ असा उच्चारला जातो. ही कोंबडी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास भरते. कंत्राटी पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते. शेड, वीज आणि श्रम शेतकऱ्याचे असतात. त्याला वजनावर संगोपनाचा मोबदला मिळतो. शेतकरी कोंबडी पाळतो, पण कोंबडी त्याची नसते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कोंबड्या व तत्सम पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ५३ कोटी ४७ लाख व्यावसायिक कुक्कुटपालनातील होते.

पाश्चात्त्य टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, कत्तलखान्याच्या भिंतींमुळे खाणाऱ्याला मरण दिसत नाही. हिंगोलीच्या बाजारात हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे कोंबडी गिऱ्हाइकासमोर पिंजऱ्यातून काढली जाते आणि त्याच्यासमोरच कापली जाते. मरण दिसते, दिसत नाही ते त्यापूर्वीचे चाळीस दिवसांचे जगणे. पक्ष्याला काय खाऊ घातले, कोणती औषधे दिली, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांवर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारतात माणसाच्या उपचारातील शेवटच्या फळीचे औषध मानले जाणारे कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यावर २०१९ मध्ये बंदी आली. याचा अर्थ तोवर त्याला मज्जाव नव्हता. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये तर शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि हा रोग मराठवाड्याच्या दारात आला.

हिंगोलीचा या उद्योगाशी संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून नाही. सोयाबीनमधून तेल काढल्यावर उरणारी पेंड हा कोंबडीखाद्यातील प्रथिनांचा प्रमुख आधार आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पेंड महागल्याची तक्रार कुक्कुट उद्योगाने केली आणि केंद्र सरकारने जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोचलेले सोयाबीनचे भाव नवीन पीक बाजारात येईपर्यंत कोसळले. म्हणजे स्वस्त कोंबडीची किंमत कोणीतरी मोजतच होते; ते मोजणाऱ्यांत सेनगाव-कळमनुरीकडचा कोरडवाहू शेतकरीही होता. ज्या कोंबडीला तो ‘बॉयलर’ म्हणून नाके मुरडतो, तिच्या खाद्याच्या भावावर त्याच्या वर्षाचा हिशेब ठरतो.

ग्रंथाची मर्यादा :

‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा ग्रंथ ज्या वर्षी आला, त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी घालणारा कायदा लागू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात ही बंदी कायम ठेवली. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारी तरतूद मात्र रद्द केली. गरिबाच्या ताटातील एक स्वस्त पर्याय अशा रीतीने आकसला. बोकडाचे मटण त्याच्या आवाक्याबाहेर होतेच. उरली ती ब्रॉयलर. म्हणून औद्योगिक मांसाला केवळ चंगळवादाचे फलित म्हणता येत नाही. बंद झालेल्या वाटांचाही त्यात वाटा आहे.

पाटोळे यांचा ग्रंथ या नव्या टप्प्याच्या उंबरठ्यावर थांबतो. त्यांचे लक्ष्य जातिव्यवस्थेने अपूर्ण ठेवलेले ताट हे आहे आणि ते लक्ष्य ते अचूक वेधतात. तथापि बाजाराने भरलेल्या ताटाची अपूर्णता ही वेगळी गोष्ट असून तिचा विचार ग्रंथाच्या मध्यवर्ती मांडणीत येत नाही. ही लेखकाची उणीव नव्हे. ग्रंथाचा विषयच मुळी गतकाळाचा आहे. परंतु त्याच्या समीक्षकांना मात्र येथे थांबता येणार नाही. अन्यथा चान्यांची आठवण ही सणासुदीच्या स्मरणरंजनाची सामग्री होईल आणि उरोधाची धार बोथट होईल.

निष्कर्ष :

१. जाणीवपूर्वक आहारासाठी माहिती आणि स्वातंत्र्य या दोन्हींची आवश्यकता आहे. जुन्या गावगाड्यात दलितांना माहिती होती, स्वातंत्र्य नव्हते. आजच्या बाजारात विकत घेण्याचे स्वातंत्र्य आहे, माहिती नाही.

२. महाडचा १९२७ चा निर्णय आणि वारकऱ्यांची माळ या दोन्ही परंपरा दाखवितात की, आहाराची निवड ही मराठी समाजाला उसनी घ्यावी लागणारी कल्पना नाही. मात्र तिला जातीच्या सोवळ्यापासून वेगळे ठेवणे अगत्याचे आहे.

३. औद्योगिक मांसाची समीक्षा ही मांसाहाराची निंदा ठरू नये. पाटोळे यांचा ग्रंथ वाचल्यावर ही दक्षता घेणे अपरिहार्य ठरते. प्रश्न मांस खावे की न खावे एवढाच नसून पक्षी, पाळणारा, पेंड पिकविणारा आणि खाणारा यांच्यातील संबंध न्याय्य आहेत काय, हा आहे.

४. अन्न अपूर्ण का राहते, याचे उत्तर पाटोळे यांनी वाड्यातून दिले. तोच प्रश्न आता शेडमध्ये आणि मोंढ्यात जाऊन विचारण्याची वेळ आली आहे. ताट भरले म्हणून ब्रह्म पूर्ण होत नाही, हे त्यांच्या शीर्षकाचे सांगणे आजही लागू पडते.