बेथेल आणि ‘स्मृतिचित्रे’ : मिशनरी कुटुंबाचा दिनक्रम आणि मराठी वाङ्मय

मिशनरी आणि मराठी वाङ्मय ह्या विषयाची चर्चा बहुधा व्याकरण, कोश, नियतकालिके आणि धर्मवाद ह्या चार ठिकाणी येऊन थांबते. विल्यम कॅरीचे १८०५ चे मराठी व्याकरण, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, अहमदनगरहून १८४२ मध्ये निघू लागलेला ‘ज्ञानोदय’ आणि बाबा पदमनजींची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी, ह्यांचे मराठी गद्याच्या घडणीतील स्थान सर्वमान्य आहे. परंतु मिशनरी हा जसा उपदेशक आणि ग्रंथकार होता, तसा तो गृहस्थही होता. त्याच्या घरी चूल पेटत होती, पाणी भरले जात होते, पाहुणे येत होते, मुले दुखण्याने अंथरूण धरीत होती. नव्या धर्माचा अर्थ व्यासपीठावर जितका ठरत होता, त्याहून अधिक तो ह्या घरात ठरत होता. हे घर वाङ्मयात कसे उतरले, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

ह्या प्रश्नाचा विचार जालन्यापासून सुरू करणे उचित होय. जालन्याजवळचे बेथेल हे गाव म्हणजे एका धर्मोपदेशकाने दैनंदिन जीवनालाच उपदेशाचे रूप देण्याचा केलेला यत्न होता. त्याचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. स्कॉटिश मिशनच्या मुंबईतील शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याने मिशनऱ्यांचा आश्रय घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या स्वाधीन करण्यात आला. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या ह्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, ह्यावरून मुंबईच्या हिंदू समाजात मोठे वादंग माजले. शुद्धीच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. वादाचे सर्व मूळ त्या मुलाने कोणाच्या घरी अन्नपाणी घेतले, ह्या एका गोष्टीत होते. धर्मांतराच्या इतिहासातील हे गाजलेले प्रकरण तत्त्वज्ञानाच्या नव्हे, तर पानाच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर उभे होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्यास आले. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात असून तेथे लष्करी छावणी होती. ज्यांना त्यांच्या कार्याने आपलेसे केले ते बहुतांशी मांग आणि महार समाजातील लोक होते. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून त्यांनी जमीन मिळविली आणि तीवर ख्रिस्ती कुटुंबांचे स्वतंत्र गाव वसविले. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाने उशाला घेतलेला धोंडा उभा करून ज्या स्थळाला हे नाव दिले, त्यावरून हे नाव घेतलेले आहे.

ह्या गावाचा खरा अर्थ मराठवाड्यातील गावगाडा डोळ्यांसमोर आणल्यावाचून कळणार नाही. दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि गावाची पडतील ती कामे करणे हा मांगाचा हिस्सा, आणि त्याच्या बदल्यात बलुते. घर गावकुसाबाहेर, पाणवठा निराळा. अशा मनुष्याने धर्म बदलला तरी त्याच गावात त्याच जागी राहून त्याला काय बदलता येणार? पाटील तोच, विहीर तीच, आणि वेशीबाहेरचे अंतरही तेवढेच. नारायण शेषाद्रींनी ह्यावर शोधलेला उपाय ज्या गावाला ‘बाहेर’ नाही असे गाव वसविणे हा होता. ज्याच्या आखणीतच मांगवाडा आणि महारवाडा नाही, ज्याच्या मध्यभागी उपासनामंदिर आहे आणि ज्याच्या भोवती कसण्यास जमीन आहे, अशा गावात नांगर धरणे हीही धर्माचीच कृती ठरते. मिशनच्या प्रेरणेने वसलेले हे एकच गाव नव्हते. नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत उभारली होती आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत होती. त्यांतील अनेकजण पुढे मोंबासाजवळ १८७५ मध्ये वसविलेल्या फ्रिअरटाउन ह्या गावी जाऊन राहिले. नाशिकच्या शाळेतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या ह्या माणसांमुळे महाराष्ट्रातील मिशनरी वसाहत आणि आफ्रिकेतील मिशनरी शेतवाडी ह्या दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

असे हे बेथेल वाङ्मयात कोणत्या रूपाने आले? नारायण शेषाद्री हे प्रभावी वक्ते होते. न्यूयॉर्क येथे १८७३ मध्ये भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी भाग घेतला आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना आपल्या कार्याचा परिचय करून दिला. मिशनचे वार्षिक वृत्तांत हे दुसरे साधन होय. परंतु वृत्तांत हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि प्रत्येक वाङ्मयप्रकाराला त्याचा वाचक आकार देतो. मिशनच्या वृत्तांताचा वाचक स्कॉटलंडात वर्गणी देणारा श्रद्धाळू गृहस्थ होता. त्याला फलश्रुती हवी होती. त्यामुळे अशा लेखनात बाप्तिस्मे मोजले जातात, शाळेतील मुले मोजली जातात, संकट आले तर ते निवारणासह सांगितले जाते. दिवस दिसतो तो वेळापत्रक म्हणून : प्रार्थना, शाळा, काम, पुन्हा प्रार्थना. दोन प्रार्थनांच्या मधला काळ, म्हणजे जो खरोखर जगला जातो तो काळ, मोजता येत नसल्याने बाहेर राहतो. मांग आणि महार कुटुंबे एका पंगतीस पहिल्यांदा बसली तेव्हा कोण संकोचले, सासरहून आलेल्या सुनेने जुना देव्हारा टाकला की उतरंडीमागे ठेवला, जन्माने ब्राह्मण असलेल्या ह्या धर्मगुरूला त्याच्या शेतकऱ्यांनी बंधू मानले की नवा मालक, हे प्रश्न त्या आराखड्यात बसत नाहीत. वृत्तांत लिहिणारे खोटे लिहीत होते असा ह्याचा अर्थ नव्हे. खरे लिहूनही घर दिसू नये अशी त्या वाङ्मयप्रकाराची घडणच होती.

हे घर मराठीत प्रथम पूर्णत्वाने दिसले ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. ह्या ग्रंथाचे चार भाग १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. ह्या दोन घटनांमधील पाच वर्षे हा ग्रंथाचा गाभा होय. ग्रंथाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने आणि त्यापायी घरच्या माणसांना होणाऱ्या जाचाने होतो, हे केवळ गमतीचे वर्णन नव्हे. ज्या घरात शुद्धतेपायी माणसांचे हाल होतात, त्या घरातून निघालेली स्त्री अखेरीस कोणीही यावे आणि जेवावे अशा घरात पोहोचते, हा ग्रंथाचा अंतर्गत आलेख आहे. त्याची सर्व वळणे चुलीपाशी आहेत. पती ख्रिस्ती झाल्यावर अहमदनगरास त्याच्या सान्निध्यात राहताना लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळतात. पुढे जातिभेद हा मनुष्यकृत आहे असे त्यांचे त्यांनाच पटते आणि इतरांच्या हातचे पाणी त्या बाप्तिस्म्यापूर्वीच पितात. प्रथम पाणी, मग धर्म, हा क्रम ध्यानात घ्यावयास हवा. उपदेशकाच्या शास्त्रात हा क्रम नेमका उलट असतो.

‘स्मृतिचित्रे’च्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हा विनोद स्वभावविशेष म्हणून वाखाणला जातो, परीक्षणाचे साधन म्हणून ओळखला जात नाही. टिळकांचे औदार्य, त्यांचा विसरभोळेपणा, कोणालाही घरी घेऊन येण्याची त्यांची सवय, ह्या सर्व गोष्टी चरित्रकाराच्या हाती संतत्वाच्या खुणा झाल्या असत्या. लक्ष्मीबाईंच्या हाती त्या डब्यात पीठ किती उरले आहे ह्या हिशेबाला जोडल्या जातात. पतीविषयीची भक्ती त्यामुळे उणावत नाही, पण ती भक्ती कोणाच्या श्रमावर उभी आहे हे वाचकाच्या नजरेआड होत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. धर्मेतिहासात ही त्यागाची घटना आहे, घराच्या इतिहासात ती महिन्याच्या खर्चाचीही घटना आहे. दोन्ही बाजू एकाच वेळी धरता येणे, हेच ह्या ग्रंथाचे सामर्थ्य. वृत्तांतात घर संदेशाला साक्ष देते. येथे घर संदेशाची उलटतपासणी घेते, आणि जो संदेश ती तपासणी सोसतो तोच विश्वसनीय वाटतो.

तथापि ‘स्मृतिचित्रे’ला मिशनरी जीवनाचे संपूर्ण दर्शन मानणे चुकीचे ठरेल. त्या घरात आलेल्या अनाथ मुलांना आणि नोकरचाकरांना लक्ष्मीबाईंनी चेहरे दिले, बोली दिली. परंतु ती सर्व माणसे एका ब्राह्मण कुटुंबाच्या दारातून आत येताना दिसतात. सोवळे सोडणाऱ्या स्त्रीचा अनुभव एक आणि जिच्या स्पर्शामुळे ते सोवळे मोडत होते त्या स्त्रीचा अनुभव दुसरा. पहिलीला काही टाकावयाचे होते. दुसरीला पहिल्यांदाच काही मिळावयाचे होते.

हे न्यून मराठीपुरते नाही. ऑलिव्ह श्रायनर ह्या मिशनरी पित्याच्या पोटी दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या लेखिकेची ‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन आफ्रिकन फार्म’ ही कादंबरी १८८३ मध्ये पुरुषी टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तीतील वाल्डो हा मुलगा दगडांची वेदी रचून आपल्या जेवणातील मांसाचा तुकडा तीवर ठेवतो आणि आकाशातून अग्नी उतरण्याची वाट पाहतो. अग्नी उतरत नाही. याकोबाच्या धोंड्याचे नाव घेऊन वसलेले जालन्याचे गाव आणि हा वाल्डोचा मुका दगड हे जवळजवळ समकालीन आहेत. श्रायनरने श्रद्धाळू घरातील शंका निर्भयपणे मांडली. पण ज्यांच्या श्रमावर ती शेतवाडी चालते ते आफ्रिकी स्त्रीपुरुष तिच्या कादंबरीत बहुतांशी निनावी राहिले. स्वतःच्या घरातील देवाविषयी प्रश्न विचारणाऱ्या लेखणीलाही स्वतःच्या अंगणातील मजूर दिसेलच असे नाही. ह्या तुलनेत लक्ष्मीबाई उजव्या ठरतात, तरी मर्यादेची जात तीच आहे.

बेथेलचा ग्रंथ ह्या दोन्हींहून निराळा असता. त्याचा निवेदक उपदेशक नसता, उपदेशकाची पत्नीही नसती. नव्या गावात पहिल्यांदा स्वतःच्या ताब्यातील पिकाची रास पाहिलेल्या मांग कुटुंबातील कोणी तो सांगितला असता. तसा ग्रंथ मराठीच्या परंपरेत आलेला नाही. गावकुसाबाहेरचे घर मराठी गद्यात आले ते पुष्कळ नंतर, दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये आणि मराठवाड्यातील प्र. ई. सोनकांबळे ह्यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ने १९७९ मध्ये. ह्या आत्मकथनांची वाट मिशनच्या नव्हे, आंबेडकरी चळवळीच्या शाळांतून गेली. तरी प्रश्न तेच होते : पाणी कोठे मिळाले, कोणी वाढले, कोणत्या उंबरठ्यावर थांबावे लागले. १८४३ च्या श्रीपत प्रकरणात जे प्रश्न उच्चवर्णीयांनी न्यायालयात नेले, ते १९७८–७९ मध्ये दलित लेखकांनी वाङ्मयात आणले. ह्या दोन टोकांमधील दुवा बेथेलसारख्या गावांत होता.

ह्या दुव्याचा शोध घेणे हे जालना परिसरातील अभ्यासकाचे स्वाभाविक कार्य होय. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या सामाजिक इतिहासाच्या साधनांत चर्चमधील बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या, भजनांच्या चाली, शेतांची नावे आणि वृद्धांच्या आठवणी ह्यांना दफ्तरातील कागदांइतकेच मोल द्यावयास हवे. नोंदवहीतील बदललेले एक नाव, उदाहरणार्थ बापाचे नाव गावठी आणि मुलाचे बायबलमधील, हीसुद्धा एका घराची कथाच असते. लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने स्वतः लिहिली. लिव्हिंग्स्टनचे चरित्र अनेकांनी लिहिले. ओझे खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांचा दिवस कसा गेला, हे मात्र त्यांच्यातील एकाच्या रोजनिशीमुळे कळते. बेथेलच्या नांगरामागे चालणाऱ्यांचा दिवस अजून अशा वाचनाची वाट पाहत आहे. तो वाचला जाईपर्यंत मिशनरी आणि मराठी वाङ्मय हा विषय व्याकरण आणि कोश ह्यांच्या पलीकडे गेला, असे म्हणता येणार नाही.