पान एकशे बेचाळीस

मराठी समीक्षेने आजवर कादंबरीला झोडपले, नाटकाला सोलले, नवकवितेचा तर इतका काथ्याकूट केला की त्या काथ्यातून विहिरीला पुरेल एवढा दोर वळून झाला असता. पण जे पुस्तक मोटार असलेल्या प्रत्येक घरात असते आणि ज्याचे एकही पान घरातले कोणी वाचत नाही, त्याची दखल एकाही समीक्षकाने घेऊ नये याचे मला नवल वाटते. मोटारीबरोबर कंपनी जी मालकासाठी पुस्तिका देते, तिच्याविषयी मी बोलतो आहे. आमची छोटी गाडी सेकंडहँड. त्यामुळे ही पुस्तिका मला डॅशबोर्डच्या कप्प्यात, आधीच्या मालकाच्या पार्किंगच्या पावत्या आणि कुठल्याशा देवाच्या अंगाऱ्याची पुडी यांच्यामध्ये सापडली. अंगारा बराच वापरलेला होता. पुस्तिका कोरी होती.

प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या फक्त एका पानाचे रसग्रहण करायचे आहे. पान एकशे बेचाळीस. विषय कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रंगीत पाणी. आशय थोडक्यात असा: इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये असावी, कमी असल्यास भरावे, इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, वारंवार भरावे लागल्यास अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. संपले. शेजारी एक चित्र आहे. चित्रात एक हात आहे, आणि तो इतका स्वच्छ आहे की या हाताने जन्मात बॉनेट उघडलेले नाही हे शेंबडे पोरही सांगेल.

भाषा नेटकी आहे, पाल्हाळ नाही, विशेषणांचा सोस नाही. आपल्या कित्येक ललित लेखकांनी हे गुण घ्यावेत. पण माझा आक्षेप रचनेला आहे. ‘वारंवार भरावे लागल्यास’ या तीन शब्दांत खरी कथा सुरू होते, आणि नेमका तिथेच लेखक पडदा पाडून निघून जातो. का भरावे लागते? गेलेले पाणी जाते कुठे? नायक कोण, खलनायक कोण? याचे उत्तर वाचकाने अधिकृत सेवा केंद्रात जाऊन, टोकन घेऊन, सोफ्यावर बसून मिळवायचे.

आम्ही बँकेतली माणसे असल्या शेवटाला फसत नाही. संध्याकाळी हिशेब जुळला नाही आणि फरकाचा शोध लागला नाही, तर तो फरक सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याची एक सोय असते. त्या रात्रीपुरती ती बरी. पण रोज फरक पडतो आहे आणि रोज तो सस्पेन्सला जातो आहे, असे दिसले की तपासनीस चष्मा पुसायला घेतो. ‘कमी असल्यास भरावे’ हे वाक्य म्हणजे कूलंटचे सस्पेन्स खाते आहे. कूलंट हे काही पेट्रोल नव्हे. बंदिस्त नळ्यांतून ते फिरत राहते, खर्च होत नाही. दर आठवड्याला बोटभर कमी होत असेल तर ते कुठेतरी जातेच आहे. आमच्या गाडीत ते तसे जात होते, आणि गाडीखालची फरशी मात्र खडखडीत कोरडी.

आता पानाचा सर्वोत्तम भाग. गरम इंजिनावर झाकण उघडू नका, ही आज्ञा शंभर टक्के खरी आहे. पण लेखकाने तिचे कारण द्यायला हवे होते, कारण आपल्याकडे कारण न दिलेली आज्ञा म्हणजे ‘येथे थुंकू नये’च्या पाटीची सख्खी बहीण. त्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा काहीतरी आकडा असतो. आत दाब तेवढा वाढेपर्यंत झाकण वाफेला बाहेर जाऊ देत नाही. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते; महाबळेश्वराच्या उंचीवर तर ९६ च्या आतच. पण ०.९ च्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गप्प बसते. कुकरचेच शास्त्र. अशा वेळी तुम्ही झाकण फिरवले की दाब एका क्षणात जातो, आणि एवढा वेळ गप्प बसलेले पाणी वाफ होऊन तुमच्या तोंडावर येते. आमच्या मंडळींना मी हे समजावले तेव्हा ती म्हणाली, “अहो, कुकर गरम असताना उघडू नये हे मला तुमच्या पुस्तकाने सांगायला हवं का?” एवढी एक उपमा त्या पानावर असती तर पसरणी घाटात वाफ सोडत उभ्या राहिलेल्या कित्येक गृहस्थांचे मनगट वाचले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुस्तिका वाचकाला फक्त बाटलीकडे बघायला सांगते. पण बाटली म्हणजे तिजोरी नव्हे, पासबुक आहे. इंजिन तापले की जास्तीचे पाणी झाकणातून बाटलीत येते. इंजिन निवले की झाकणातली दुसरी, उलटी झडप उघडते आणि तेच पाणी परत आत ओढले जाते. ही झडप अडकली, किंवा मधली बारीक नळी चिरून हवा ओढायला लागली, तर बाटली तुडुंब आणि रेडिएटर रिकामा, असा चमत्कार होतो. वर काटाही दगा देतो. ताप मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोपर्यंत खरे सांगतो. पाणी उतरून तो कोरडा पडला की खाली इंजिन भाजत असताना काटा मध्यावर शांत उभा राहू शकतो. मग हेड वाकते, गॅस्केट जाते, आणि सेकंडहँड गाडीच्या निम्म्या किमतीला मालक मुकतो. बाटली बघून निश्चिंत झालेल्या सज्जन वाचकाचा असा घात व्हावा आणि लेखकाला त्याची वार्ताही नसावी! त्याने एवढेच लिहायचे होते, की महिन्यातून एकदा सकाळी, रात्रभर निवलेल्या इंजिनावर, झाकण उघडून आतही डोकवावे.

लिखित वाङ्मय अपुरे पडले की वाचक मौखिक परंपरेकडे वळतो. ही परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे, पण तिच्यात प्रक्षिप्त भाग फार. आमच्या शाखेतल्या कॅशियरांचे मत पडले, की ते एसीचे पाणी असणार. एसीचे पाणी हवेतल्या दमटपणाचे असते, स्वच्छ असते, आणि ते खाली पडल्याने बाटलीतली पातळी उतरत नाही. पण कॅशियरांशी वाद घालून सुट्टे मिळत नाहीत. पहिल्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, मान हलवली आणि “साहेब, हेड गेलं” म्हणून नऊ हजार सांगितले. हेड गेल्याच्या खुणा असतात: गाडी तापल्यावरही मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, ऑइल दुधाळ चहासारखे दिसते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. त्याने यातले काहीच पाहिले नाही. प्रस्तावना न वाचता अभिप्राय देणारे समीक्षक मी पाहिले होते. याने मुखपृष्ठही पुरते पाहिले नव्हते.

दुसरा मिस्त्री परंपरेचा अस्सल पाईक. त्याचे उपाय तीन. रेडिएटरमध्ये मूठभर हळद. थर्मोस्टॅट काढून टाकायचा. पंखा डायरेक्ट करायचा. हळदीचे मी समजू शकतो. घाटात अडकलेल्या माणसाला ती घरापर्यंत आणते, यात शंका नाही. पण गळणारे भोक कुठले आणि चालू नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तेवढ्याच मायेने बसते. थर्मोस्टॅट ही तर बिचारी एक झडप. पाणी ८०-९० अंशांच्या दरम्यान गेले की ती उघडते, तोवर पाणी इंजिनातच ठेवून त्याला लवकर तापू देते. ती काढली की इंजिन कायमचे थंडावलेले राहते आणि पेट्रोल जास्त पिते. पंखा डायरेक्ट म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू, पौष असो की वैशाख. तिन्ही उपायांत एक समान सूत्र आहे: दुखणे शोधण्यापेक्षा ज्याच्यामुळे ते दिसते त्याचाच बंदोबस्त करायचा.

आता एक न्याय्य शब्द रेडिएटरवाल्या चाचांविषयी, कारण पान एकशे बेचाळीसचा राहिलेला अर्धा भाग त्यांना पाठ होता. एस. टी. स्टँडच्या मागे त्यांचे दुकान. दुकानात एक हौद. सायकलची ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात तसा ते रेडिएटर हौदात बुडवून, हवा भरून, बुडबुडे बघतात. पितळी रेडिएटर होते तेव्हा डाग देऊन ते पुन्हा उभे करता येत. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्या फुटल्या की नवाच घालावा लागतो, याचे त्यांना मनापासून वाईट वाटते.

मी सगळी हकीकत सांगितली. चाचांनी बॉनेटला हात लावला आणि म्हणाले, “सायेब, आत्ता नाही. सकाळी आणा. निवांत होऊ दे तिला.” सकाळी त्यांनी झाकण काढून त्याजागी घड्याळ लावलेला हातपंप बसवला आणि झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरला. इंजिन बंद, थंडगार, आणि आत दाब मात्र घाट चढतानाचा. आम्ही दोघे काटा बघत बसलो. काटा हळूहळू उतरायला लागला. चाचा टॉर्च घेऊन वाकले. गालिचा ओला नाही, म्हणजे आतला हीटर ठीक. पाण्याच्या पंपाला खाली एक भोक मुद्दाम ठेवलेले असते, आतले सील गेले की तिथून थेंब यावा म्हणून, तेही कोरडे. मग त्यांनी मला बोलावून दाखवले. वरचा रबरी होज इंजिनाला जिथे मिळतो, तिथे क्लॅम्पच्या खाली, न दिसणाऱ्या बाजूला, एक थेंब जमत होता. जमला, घरंगळला, इंजिनाच्या अंगावरून ओघळला. त्या वाटेवर आधीच्या थेंबांचा हिरवट-पांढरा खवला धरलेला होता.

फरशी कोरडी का, याचा उलगडा तिथे झाला. इंजिन थंड असले की दाब नाही, म्हणून गळती नाही. गरम असले की गळती आहे, पण थेंब तापल्या लोखंडावर पडतो आणि जमिनीला लागायच्या आधी वाफ होतो. पुरावा जन्मतःच नाहीसा. मिस्त्रीलोकांनी गाडी पाहिली ती नेमकी या दोन वेळांपैकी एकीत.

होज उतरवला तर त्याच्या तोंडाशी रबर कडक होऊन चिरले होते. नवा होज, दोन क्लॅम्प, आणि स्प्रिंग ढिली झाली म्हणून नवे झाकण, त्याच आकड्याचे. जास्त आकड्याचे “मजबूत” झाकण दुकानदार देत होता; चाचांनी परत पाठवले. जुन्या नळ्यांवर नवा दाब कशाला, असे त्यांचे म्हणणे. शिवाय नळाचे पाणी न घालता तयार कूलंट घातले. त्याच्या डब्यावर उणे ३७ अंशांपर्यंत गोठणार नाही अशी हमी होती. साताऱ्यात तिचा उपयोग नाही, पण गंज आणि क्षार धरत नाही याचा आहे. सांडलेले चाचांनी लगेच पुसून वर माती टाकली; ते गोड लागते आणि विषारी असते, कुत्री-मांजरी चाटतात. हेही पुस्तिकेत ठळक अक्षरांत हवे होते. सगळे मिळून हजाराच्या आत. पुढे आठ दिवस मी रोज सकाळी सातला, गाडी हलवण्यापूर्वी, बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारली. आठही रेघा एकीवर एक.

मग मी पान एकशे बेचाळीसच्या समासात बारीक अक्षरांत हे सगळे उतरवून काढले. गाडीच्या पुढच्या मालकाला निदान अंगाऱ्यावर तरी अवलंबून राहावे लागू नये. समास पुरला नाही म्हणून पुढच्या पानावर जावे लागले. ते पान समोरची काच धुण्याच्या पाण्यावर आहे. त्या विषयाला लेखकाने दीड पान दिले आहे, चित्रेही दोन आहेत.