आठवड्याचा गुणतक्ता आणि रापणीचा वाटा : फँटसी बास्केटबॉलमधील खेळाडू-मूल्यमापनाची समीक्षा

प्रास्ताविक

समीक्षा ही केवळ कथा, कविता आणि नाटक यांचीच करावयाची असते, असा एक समज आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात रूढ आहे. परंतु जेथे जेथे माणसाच्या कर्तृत्वाचे मूल्य ठरविले जाते आणि ते शब्दांत वा अंकांत मांडले जाते, तेथे तेथे समीक्षेला वाव असतो. प्रस्तुत लेखाचा विषय असाच, वरवर पाहता क्षुल्लक वाटणारा आहे. फँटसी बास्केटबॉल या खेळात दर आठवड्याला तयार होणारा खेळाडूंचा गुणतक्ता ही एक संहिता मानून तिचे वाचन येथे केले आहे. मालवणच्या किनाऱ्यावर बसून अमेरिकेतील बास्केटबॉलची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी अपेक्षा आहे.

खेळाचे स्वरूप

फँटसी खेळात सहभागी होणारी व्यक्ती प्रत्यक्षातील खेळाडू निवडून आपला एक काल्पनिक संघ बांधते. त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत केलेल्या कामगिरीचे आकडे गुणांत रूपांतरित होतात आणि त्यांच्या बेरजेवर काल्पनिक संघाची हारजीत ठरते. आधुनिक फँटसी खेळाच्या इतिहासात १९८० हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने आपल्या मित्रांसह बेसबॉलसाठी असा खेळ रचला. ज्या न्यूयॉर्कमधील उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. भारतात २००८ साली स्थापन झालेल्या, मुंबईस्थित ‘ड्रीम इलेव्हन’ने हा प्रकार घरोघरी पोचविला. क्रिकेट हा त्याचा मुख्य आधार असला, तरी कबड्डी आणि बास्केटबॉल यांनाही त्यात स्थान मिळाले.

बास्केटबॉलच्या प्रचलित साप्ताहिक प्रकारात सोमवार ते रविवार हा कालखंड धरला जातो. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या यशस्वी फेकी, मैदानी फेकींची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर अशा नऊ रकान्यांत खेळाडू विभागला जातो. दुसऱ्या एका प्रकारात या कृतींना भारांक देऊन एकच बेरीज काढतात. त्यातील एका रूढ पद्धतीनुसार बास्केटच्या प्रत्येक गुणाला १, रिबाउंडला १.२, असिस्टला १.५, स्टील आणि ब्लॉक यांना प्रत्येकी ३ गुण मिळतात, तर टर्नओव्हरसाठी १ गुण वजा होतो.

या खेळाविषयी आपल्या देशात झालेला वाद प्रामुख्याने कायद्याचा होता. हे कौशल्य की जुगार, हा त्यातील प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि सशुल्क स्पर्धा बंद झाल्या. मात्र या साऱ्या वादात विचार झाला तो निवड करणाऱ्याच्या कौशल्याचा. ज्याची निवड केली जाते, त्या खेळाडूला हा तक्ता न्याय देतो काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नाकडे आहे.

भारांकामागील अभिरुची

गुणतक्ता वस्तुनिष्ठ असतो, असे मानण्याकडे आपला कल असतो. वास्तविक ब्लॉकला ३ आणि रिबाउंडला १.२ हे मोजमाप नसून मूल्यनिर्णय आहे. प्रतिस्पर्ध्याची फेक हवेत अडविणे हे चेंडू परत मिळविण्याच्या अडीचपट मोलाचे, असे कोणीतरी ठरविले आहे. अडविलेला चेंडू मैदानाबाहेर गेला, तर तो पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. तोच चेंडू आपल्या सहकाऱ्याच्या हाती पडेल असा अडविला, तर तेथून नवी चढाई सुरू होते. तक्त्याच्या दृष्टीने या दोन्ही कृती सारख्याच. साहित्यसमीक्षेत अभिरुची उघडपणे बोलते आणि म्हणून तिच्याशी वाद घालता येतो. येथे ती अंकाच्या आड बसते आणि वादातून सुटते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे बिल रसेल. बोस्टन सेल्टिक्सच्या या खेळाडूने १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळविली आणि १९६९ मध्ये निवृत्ती घेतली. अडविलेला चेंडू मैदानातच ठेवून आपल्या संघाला मिळवून देणे ही त्याची ख्याती होती. परंतु एनबीएमध्ये ब्लॉक आणि स्टील यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. परिणामी ज्या कलेने रसेलने बचावाची कल्पनाच बदलली, त्या कलेचा अधिकृत रकाना त्याच्या नावापुढे कोरा आहे.

या उदाहरणाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. रसेलच्या काळी ब्लॉक मोजले गेले असते, तर त्याच्यावर अन्याय झाला नसता, उलट न्यायच झाला असता. मोजणी सुरू झाल्यामुळे त्यानंतरच्या अनेक बचावपटूंचे श्रम नोंदले गेले. त्यामुळे मोजणे हाच दोष आहे, अशी सरधोपट भूमिका घेणे योग्य होणार नाही. मोजलेले तेवढेच खरे मानले जाऊ लागते, तेथून दोषाला प्रारंभ होतो.

आठवडा हे एकक

साप्ताहिक तक्त्याचा दुसरा दोष त्याच्या कालमापनात आहे. एनबीएच्या वेळापत्रकानुसार एखाद्या संघाचे आठवड्यात दोन, तर दुसऱ्याचे चार सामने असू शकतात. समजा, एक खेळाडू सामन्यागणिक ३० गुण करतो आणि त्याचे दोनच सामने आहेत. त्याची बेरीज ६० होते. दुसरा सामन्यागणिक १८ च करतो, पण त्याचे सामने चार आहेत. त्याची बेरीज ७२ होते. आठवड्याच्या तक्त्यात दुसरा वर असतो. जाणकार सहभागी हे ओळखून असतात आणि अधिक सामने असलेल्या साधारण खेळाडूंना तात्पुरते संघात घेऊन सोडून देतात. यात चातुर्य आहे, हे नाकारता येत नाही. परंतु ते चातुर्य वेळापत्रक वाचण्याचे आहे. खेळ वाचण्याशी त्याचा संबंध क्षीण होत जातो.

या पद्धतीत विश्रांतीला स्थान नाही. दुखऱ्या गुडघ्याला आराम देणारा खेळाडू तक्त्यात शून्य ठरतो आणि ज्याने त्याला निवडले, त्याचा रोष ओढवून घेतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या आठवड्यांचा तक्ता केला, तर प्रत्येक ट्रॉलरपुढे शून्यच लिहावे लागेल. परंतु माशांच्या प्रजननाच्या काळात पाळलेले ते शून्य पुढील हंगामाच्या पोटात असते, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. सर्व शून्ये सारखी नसतात. आठवड्याचा तक्ता मात्र ती सारखीच वाचतो.

साखळीतील हात

तिसरा आणि सर्वांत मूलगामी दोष असा की, हा तक्ता सामूहिक कृतीला एका नावावर चढवितो. पत्रकार मायकेल लुईस यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटिएविषयी लिहिलेल्या दीर्घ लेखाचा या संदर्भात उल्लेख करणे आवश्यक आहे. बॅटिएची कारकिर्दीतील सरासरी सामन्याला दहा गुणांहूनही कमी होती. परंतु तो मैदानात असताना त्याचे सहकारी अधिक चांगले खेळत आणि प्रतिस्पर्धी अधिक वाईट, असे संघाच्या विश्लेषकांना आढळले होते. कोबी ब्रायंटसारख्या खेळाडूला तो रोखू शकत नसे. पण जेथून त्याची फेक चुकण्याची शक्यता अधिक, अशा जागी तो त्याला ढकलत असे. ब्रायंटची चुकलेली फेक ब्रायंटच्या रकान्यात गेली. बॅटिएच्या रकान्यात काहीच आले नाही.

खेळाडू मैदानात असताना संघाची आघाडी किती वाढली वा घटली, हे सांगणारा ‘प्लस-मायनस’ नावाचा आकडाही उपलब्ध असतो. वर सांगितलेल्या नऊ रकान्यांत त्याला जागा नाही, कारण त्यात इतर चौघांची भेसळ असते. येथे तक्त्याची खरी अडचण उघड होते. ज्याला तो भेसळ समजतो, तोच तर खेळ आहे.

कबड्डी पाहिलेल्या कोणत्याही कोकणी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूचा घोटा धरतो आणि पकडीचा गुण सहसा त्याच्या नावावर लागतो. परंतु शेजारच्या मध्यरक्षकाने वाट अडविली नसती, साखळीतील दुसऱ्याने हात सोडला असता, तर तो घोटा सुटला असता. प्रेक्षक ‘धरला रे!’ म्हणून ओरडतो, तेव्हा त्या क्रियापदाचा कर्ता सारा संघ असतो.

रापणीचा वाटा

मालवण परिसरात चालत आलेली रापण ही या विवेचनात उपयुक्त ठरणारी प्रथा आहे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणावयाची आणि दोन रांगांनी दोर ओढत जाळे वाळूवर घ्यावयाचे, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. मिळालेल्या तारली-बांगड्यांच्या उत्पन्नातून जाळे व होडी यांचा भाग वेगळा काढून उरलेले वाट्यांनी विभागले जाते. वाटपाचे तपशील गावागणिक भिन्न असतील. पण रांगेतील पाचव्या माणसाने किती मासे ओढले, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. तो प्रश्नच निरर्थक आहे, कारण दोर एक आहे.

अर्थात रापणीचे भाबडे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. समान वाट्याच्या आड कामचुकारही लपतो आणि पाण्याचा रंग पाहून मासळीचा थवा ओळखणाऱ्या अनुभवी नजरेचे ऋण वाट्यात पुरते उतरतेच असे नाही. शिवाय यांत्रिक मासेमारीच्या रेट्यात रापणच आक्रसत चालली आहे. तरीही ती एक गोष्ट नेमकेपणाने जाणते. काही कृती अशा असतात की, त्यांचे फळ वाटता येते. पण कर्तृत्व तोडता येत नाही. फँटसीचा तक्ता हाच भेद पुसून टाकतो.

तक्ता उलटतो तेव्हा

मूल्यमापनाची पद्धत केवळ कामगिरी नोंदवीत नाही, ती कामगिरीला वळणही लावते. १६ मार्च २००३ रोजी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचा रिकी डेव्हिस हा खेळाडू युटाविरुद्धच्या सामन्यात ‘ट्रिपल डबल’पासून, म्हणजे तीन रकान्यांत दोन अंकी संख्येपासून, केवळ एका रिबाउंडने दूर होता. सामना संपत आला होता आणि त्याचा संघ मोठ्या फरकाने पुढे होता. डेव्हिसने चक्क आपल्याच बास्केटवर चेंडू मारला आणि परतलेला चेंडू झेलला. तो रिबाउंड त्याच्या खात्यात धरला गेला नाही. संघाने त्याला दंडही केला. त्याला हसणे सोपे आहे. परंतु त्याने केले ते एवढेच की, तक्त्याची आज्ञा अक्षरशः पाळली.

प्राध्यापकवर्गाने या प्रसंगाकडे तटस्थपणे पाहावे, अशी परिस्थिती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी आपल्यासाठीही असाच एक तक्ता आणला. एपीआय या नावाने तो आपल्या परिचयाचा आहे. संदर्भित नियतकालिकातील शोधनिबंधाला १५ गुण, आणि निबंध संयुक्त असल्यास प्रमुख लेखक व मार्गदर्शक यांच्यात मिळून ६० टक्के, इतर लेखकांत ४० टक्के, अशी त्याची वाटणी होती. २०१८ च्या विनियमांनी पद्धत बदलली; तरी संशोधनाची गुणगणना राहिलीच. त्या तक्त्याने काही ठिकाणी सुस्ती हलविली, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याच तक्त्यासाठी किती निबंध लिहिले गेले आणि त्यांतील किती आपल्याच बास्केटवर मारलेले चेंडू होते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तास संपल्यावर व्हरांड्यात थांबून एखाद्या विद्यार्थिनीची शंका फेडणारा शिक्षक हा आपल्या व्यवसायातील बॅटिए होय. त्याचा रकाना कोराच राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, गुणतक्त्यातील भारांक हे मूल्यनिर्णय असल्याने त्यांची समीक्षा शक्य आणि आवश्यक आहे. दुसरी, आठवडा हे एकक वेळापत्रकाच्या योगायोगाला कर्तृत्वाचा दर्जा देते आणि विश्रांतीला दोष ठरविते. तिसरी, सामूहिक कृतीचे एका नावावर केलेले विभाजन ही सोय आहे. ते सत्य समजले गेले, तर खेळणारा संघासाठी न खेळता रकान्यासाठी खेळू लागतो.

कायद्याने पैशाचा प्रश्न हाती घेतला. पैसे न लावता खेळला जाणारा फँटसी खेळ मात्र आजही रंजन म्हणून चालू आहे आणि त्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. तक्ता वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावे की, आकडे पाहिल्यावर सामनाही पाहावा आणि चेंडू ज्याच्या हाती नाही, त्या खेळाडूवर थोडा वेळ नजर ठेवावी. रापणीच्या दोरावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. तरी प्रत्येक हाताला त्याचा ताण जाणवतो. मूल्यमापनाच्या कोणत्याही पद्धतीत त्या ताणाला जागा उरली आहे काय, हे तपासत राहणे समीक्षेचे काम आहे.