ओठ कोगनोळीचे, गळा दुसऱ्याचा

गेल्या कार्तिकात एका सायंकाळी कोगनोळीचा एक तरुण आमच्याकडे आला. कोल्हापुरात तो माध्यमविद्येचा अभ्यास करतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याने एक म्युझिक व्हिडिओ, म्हणजे एका गाण्याभोवती रचलेली सुमारे चार मिनिटांची चित्रफीत, तयार केली होती. परीक्षकांपुढे ठेवण्यापूर्वी ती आम्ही पाहावी, अशी त्याची इच्छा. "वकीलकाका, कायद्यात कुठं अडकत नाही ना, एवढंच सांगा," असे तो म्हणाला. कायद्याचे उत्तर सोपे होते; परंतु चित्रफीत पाहताना मनात जो सल राहिला तो कायद्याचा नव्हता. पुढे विचार करता त्या दोहोंचे मूळ एकच आहे असे आढळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गुणांविषयी. विषय तुकोबांचा एक अभंग आणि गावच्या देवळातील भजनी मंडळ. या तरुणाने चित्रण आरंभण्यापूर्वी एक वही केली होती. तीत अभंगाचा प्रत्येक चरण, त्याला लागणारे सेकंद, त्यावर दिसावयाचे दृश्य व त्याचे ओबडधोबड रेखाटन क्रमाने मांडले होते. महामार्गावरील टोलनाक्याचे दिवे, पहाटेची दूधगंगा, आणि मग सभामंडपातील समई, हा प्रवास त्याने नेमका योजला आहे. पहिल्या मिनिटात तो एकही दृश्य घाईने तोडत नाही. भजन द्रुत झाल्यावर मात्र प्रत्येक मात्रेला चित्र बदलण्याचा मोह त्याला आवरला नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने एका दृश्याच्या वाट्याला जेमतेम १२ चौकटी येतात. तेवढ्यात टाळ दिसतो, टाळकरी दिसत नाही.

तथापि हा दोष किरकोळ. खरा दोष कानाचा आहे. पडद्यावर गावचे बुवा गाताना दिसतात, ओठ हलतात, कपाळावरच्या शिरा ताठतात. आणि ऐकू येतो तो एका विख्यात गायकाचा, कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकेतला आवाज! देवळात स्पीकर ठेवून ते गाणे वाजवले गेले व मंडळींनी त्याबरहुकूम ओठ हलवले. पखवाजवाल्याला तर हात नुसते फिरवावयास सांगितले होते. असे का केले, हे विचारता तो प्रांजळपणे म्हणाला, "काका, आमच्या बुवांचा आवाज फाटलाय. त्यात मधेच कानडी हेल येतो. परीक्षकांना ते कसं चालेल?"

वाचकहो, उसन्या आवाजाला आमचा सरसकट आक्षेप नाही. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची प्रथा आपल्या चित्रपटांत आणली आणि पुढील अवघे चित्रपटसंगीत तिच्यावर उभे राहिले. पण तेथे नट दुसऱ्या कोणाची भूमिका करीत असतो. उसना चेहरा व उसना गळा यांची जोडी जमते. कोगनोळीचे बुवा कोणाचीही भूमिका करीत नव्हते. ते बुवाच होते. त्यांचा चेहरा खरा म्हणून घ्यावयाचा आणि आवाज कमी प्रतीचा म्हणून टाकावयाचा, हा न्याय आम्हांस पटला नाही.

या संदर्भात 'प्रभात'चे स्मरण होते. ही संस्था १९२९ साली कोल्हापुरात, म्हणजे कोगनोळीपासून तासाभराच्या अंतरात जन्मली, व १९३३ साली पुण्यास गेली. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला व पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस स्वतः गायले. केशवराव भोळे यांच्या संगीतातील त्या गायनात मैफलीचा दिमाख नाही. बोलता बोलता माणूस गाऊ लागावा तसे ते वाटते. त्यातील एक अभंग तर शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेला; पण कित्येकांनी तो तुकोबांचाच मानला. शब्द नवे असूनही ते खरे वाटले, याचे काही श्रेय गाणारा व दिसणारा माणूस एकच होता यालाही द्यावे लागेल. प्रभातच्या त्याच पुण्याच्या वास्तूत १९६० साली सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था निघाली. आजच्या माध्यमविद्यार्थ्यांचा वारसा असा घराजवळचा आहे.

राहिला कानडी हेल. विठ्ठलाला कानडा म्हणणारे ज्ञानदेव आणि आपल्या पदांवर 'पुरंदरविठ्ठल' अशी मुद्रा उमटविणारे पुरंदरदास यांचा देव एकच. निपाणीकडच्या भजनात मराठी अभंगाला कानडी वळण लागले, तर तो उच्चारदोष नव्हे. त्या मातीची ती ओळख आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अहोरात्र भजन चालते. पहाटे तीन वाजता बसलेला गळा कोणी बदलून मागत नाही. बुवा थकले की टाळकरी चरण उचलतात, हीच भजनाची रीत. ध्वनिमुद्रिकेत नेमकी हीच उचल नसते.

आता कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाची मालकी नाही. नव्या चालीवर मात्र संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि ध्वनिमुद्रणावर मालकाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे राहतो. शिक्षणक्रमात विद्यार्थ्याने केलेल्या वापरास कायदा काही मोकळीक देतो, तशीच ती देवळातील धार्मिक विधीतील गायनासही देतो. पण तीच चित्रफीत इंटरनेटवर चढविली की या सवलती कामी येत नाहीत. उलट बुवांनी पिढीजात चालीत स्वतः गाइले, तर तेथे कंपनीचा प्रश्नच उरत नाही. हक्क असतो तो बुवांचा! १९९४ च्या दुरुस्तीपासून कायदा गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मानतो व मुद्रणास त्याची संमती मागतो. म्हणजे ज्या आवाजाला आमच्या मित्राने नापास केले, त्याला कायद्याने मालक मानले आहे. रसदृष्टी आणि कायदा असे एकाच पारड्यात बसलेले आम्ही क्वचितच पाहिले आहेत.

आम्ही त्यास सुचविले: बुवांची लेखी संमती घे, दोन कॅमेरे लाव, ध्वनिमुद्रक वेगळा ठेव, आरंभी एक टाळी वाजव, म्हणजे पुढे चित्र व आवाज जुळविता येतील, आणि मग अभंग संपेपर्यंत कोणाला थांबवू नको. भजनाची लय वाढत जाते, म्हणून तुकड्यातुकड्यांनी घेतलेले चित्रण एकमेकांस जुळणार नाही.

माघात तो दुसरी प्रत घेऊन आला. तीत पखवाज फार जवळून मुद्रित झाला आहे, मध्येच एक मूल रडते, आणि दोन ठिकाणी चित्र अंधारात गेले आहे. हे दोष आम्ही त्यास सांगितले. तिसऱ्या चरणावर बुवांचा आवाज तुटतो. क्षणभर केवळ वीणा ऐकू येते, बुवा मान वर करून शेजारी पाहतात, आणि मागच्या रांगेतील एक वृद्ध टाळकरी तो चरण उचलतो. पूर्वीच्या वहीत हे दृश्य कोठेच नव्हते. कॅमेरा मात्र तेथून हललेला नाही. ही प्रत परीक्षकांनी कशी तोलली, हे अद्याप कळावयाचे आहे. देवळात ती दाखविली तेव्हा बुवांनी "पुन्हा एकदा लाव रे," म्हणून सांगितल्याचे तो बोलला.